नऊ एकोणचाळीसची फाइल

२८ फेब्रुवारी २०२४
सायबरसुरक्षा कंपनी क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर जायला लागते. तिच्यातल्या एका नव्या तपासणीच्या आराखड्यात माहितीचे २१ रकाने आहेत. ते भरणारा कोड २०च पुरवतो. मार्चची चाचणी पार पडते, एप्रिलमध्ये आणखी तीन नियम जातात, कुठे काही बिघडत नाही. एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशीच अट असल्यामुळे तो कधी उघडलाच जात नाही.

१९ जुलै, शुक्रवार, पहाटे ३.२६ (सगळ्या वेळा भारतीय)
मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेचा ‘सेंट्रल यूएस’ विभाग आडवा होतो. पुढच्या घटनेशी याचा काही संबंध नाही. पण तो नसल्याचं कळेपर्यंत अनेकांनी सगळं खापर यावरच फोडलं.

सकाळी ९.३९
सेन्सरला हे नियम पोचवणाऱ्या चॅनल फाइल २९१ ची नवी प्रत सुटते. या वेळी एका नियमाला एकविसाव्या रकान्यातला मजकूर खरोखरच हवा आहे. सेन्सर नसलेल्या जागी वाचायला जातो. तो बसलाय थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, त्यामुळे पडताना विंडोजलाही घेऊन पडतो. लिनक्स आणि मॅक सुखरूप.

साधारण १०
ऑस्ट्रेलियात कामाची भर दुपार, आपल्याकडे कचेऱ्या नुकत्या उघडतायत. लॅपटॉप निदान काही जणांचे बंद तरी होते. डेटा सेंटरमधली आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चोवीस तास जागी असतात. त्यांच्यापर्यंत फाइल बिनबोभाट पोचली.

१०.५७
फाइल मागे घेतली जाते. ७८ मिनिटं झालीत. पण जे यंत्र सुरू होता होताच कोसळतंय, ते नवी प्रत उतरवून घेणार कधी? काहींना ते जमलंही: ॲझ्युअरवरच्या व्हीएम पुन्हापुन्हा चालू करा, पंधरा वेळा लागले तरी करा, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टने दिला.

दुपार
इलाज एव्हाना माहीत आहे: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. प्रश्न उरतो, कुठे कुठे? व्हीएम चालवायला व्हीएमवेअर वापरणाऱ्या मोठ्या कंपनीत हजारो व्हीएम असतात आणि विंडोज-लिनक्सची सरमिसळ असते. मग कुणीतरी व्हीएमवेअरचं पॉवरसीएलआय हे आज्ञांचं साधन उघडतं, व्हीएमची यादी देणारी गेट-व्हीएम ही आज्ञा लिहितं आणि आतली ऑपरेटिंग सिस्टिम ‘विंडोज’ असलेल्या तेवढ्या गाळून काढतं. एरवी एका ओळीचं काम. आज तीच ओळ घात करू शकते.

कारण व्हीएमचा कारभार पाहणाऱ्या व्हीसेंटरकडे ‘आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम?’ याची दोन उत्तरं असतात. एक, व्हीएम बनवताना माणसाने यादीतून निवडलेलं. दुसरं, व्हीएमच्या आत चालणाऱ्या व्हीएमवेअर टूल्सने स्वतः कळवलेलं. अनेक स्क्रिप्टा दुसरं घेतात आणि एरवी ते बरोबरच, कारण ते प्रत्यक्ष पाहून दिलेलं असतं. पण टूल्स चालायला आतली विंडोज उभी राहावी लागते. जी कोसळून निळ्या पडद्यावर अडकलीय तिचा हा रकाना रिकामा निघू शकतो, आणि ‘विंडोज असेल तर’ या अटीतून ती मुकाट गळते. यादीत दिसतात त्या धडधाकट. जिच्यासाठी खटाटोप, तीच गायब. हजेरी घेऊन आजारी मुलं शोधण्यातला प्रकार.

म्हणून पहिल्या उत्तराकडे वळायचं. तेही पूर्ण भरवशाचं नाही: घाईत कुणी ‘इतर’ निवडलेलं असतं. माझ्या मते त्या दुपारी शहाणी स्क्रिप्ट उलटी लिहायला हवी होती: नोंदीनुसार नक्की लिनक्स आहेत त्या वगळा, उरलेल्या सगळ्या संशयित धरा. चार जास्तीच्या तपासाव्या लागतील, पण सुटली तर एखादीच सुटेल.

संध्याकाळ
यादी झाली की व्हीएमवाल्यांचं काम लॅपटॉपवाल्यांपेक्षा हलकं. पडलेल्या यंत्राची डिस्क काढायची, चांगल्या व्हीएमला जोडायची, फाइल पुसायची, डिस्क परत लावायची. हे स्क्रिप्टने होतं. डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं, कुलूप असलं की किल्ली लागते, आणि ती बऱ्याचदा ज्या डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, ठेवलेली असते, तोही विंडोजच. काही ठिकाणी तोच पडला होता. याच बिघाडामुळे भारतातल्या विमानतळांवर तोवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले होते.

२० जुलै
मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो: सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं, एकूण विंडोजच्या १ टक्क्याहूनही कमी. डेल्टा एअरलाइन्सची उड्डाणं त्यानंतरही अनेक दिवस रद्द होत राहिली. २९ जुलैला क्राउडस्ट्राइकने सांगितलं, विंडोजवरचे सुमारे ९९ टक्के सेन्सर पुन्हा सुरू झालेत.