लाकडी बदकांचे लाकूड

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो. म्हणून आज अमेरिकेतल्या एका साध्या अवजाराची हकीकत सांगतो. पाण्यावर खोटी बदके सोडायची. उडते थवे त्यांना भुलून खाली उतरतात आणि शिकारी बार काढतो. ही युक्ती मूळची गोऱ्यांची नव्हे. नेव्हाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्याची ११ बदके सापडली. ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीची आहेत.

गोऱ्यांनी लव्हाळ्याऐवजी लाकूड घेतले. पण कोणते? एकोणिसाव्या शतकात चेसापीक उपसागरात एकेका शिकारीला शेकडो बदके लागत. ती पहाटेच्या थंडीत होडीतून न्यायची नि पुन्हा गोळा करायची, तर लाकूड हलके हवे. ते पाण्यात कुजू नये आणि हत्याराखाली सरळ सुटावे. ओक मजबूत खरा, पण जड. अटलांटिक किनाऱ्याच्या दलदलीतला पांढरा सीडर या कसोट्यांना उतरला. डोके पुष्कळदा पाइनचे करीत आणि लाकडाची रेघ चोचीच्या दिशेने ठेवीत. ती आडवी गेली की चोच तुटलीच म्हणून समजा. इलिनॉय नदीवर पाइनचे दोन अर्धे आतून कोरून जोडीत. ओले लाकूड तडकते, गाठीतली राळ रंगावर फुटते, हे शहाणपण हातांनी मिळवलेले होते.

मारलेली बदके रेल्वेने शहरांतल्या हॉटेलांत जात. १९१८ च्या कायद्याने ती विक्री बंद केली. पक्षी वाचले, हे योग्यच झाले. पण त्या धंद्यावर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे काय, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे बंधू न्हाव्याचे काम करून बदके कोरीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरणाऱ्यांनी लष्कराच्या जुन्या तराफ्यांतला बाल्साही कामाला लावला.

२००७ साली एल्मर क्रॉवेल यांनी कोरलेले एक बदक दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. क्रॉवेल १९५२ सालीच वारले होते. संग्रहालयात अशी वस्तू पाहाल तेव्हा किमतीची पाटी जरूर वाचा. पण लाकूड पारखणारा हात आधी आठवा, एवढीच आमची विनंती.