अर्ध्या कागदावरचे बीजगणित

असलेली जागा सोडावी की धरून राहावे, हा प्रश्न ज्यास कधी पडला नाही असा गृहस्थ या मंडपात विरळाच. १७७२ साली इंग्लंडातील लीड्स येथील धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली यास तो पडला. पदरी बायको-मुले, प्राप्ती वर्षास १०० गिनी. आणि लॉर्ड शेलबर्न या उमरावाचे बोलावणे आलेले : ग्रंथालय सांभाळा, मुलांच्या शिक्षणावर देखरेख ठेवा, वर्षास २५० पौंड व राहावयास घर घ्या. मात्र त्यासाठी एका बड्या माणसाच्या आश्रयास जावयाचे!

प्रीस्टलीने आपला मित्र बेंजामिन फ्रँकलिन यास सल्ला विचारला. १९ सप्टेंबरच्या उत्तरात फ्रँकलिनने काय करावे हे सांगितलेच नाही. कसे ठरवावे तेवढे सांगितले. कागदावर मधोमध रेघ ओढावी. एकीकडे अनुकूल, दुसरीकडे प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी टिपावीत. मग वजन अजमावून तुल्यबळ कारणे दोन्हीकडची खोडावीत. एकीकडचे एक दुसरीकडच्या दोहोंस पुरत असेल तर तिन्ही खोडावीत. उरेल त्यावरून निकाल. ही वजने तंतोतंत मोजता येत नाहीत, हेही त्याने कबूल केले होते.

आमच्या मते या पद्धतीचा प्राण वजाबाकीत नसून त्या तीन-चार दिवसांत आहे. सकाळी पगार डोळ्यांपुढे येतो, रात्री स्वातंत्र्य. एक दिसताना दुसरे दिसत नाही, ही तर फ्रँकलिनची मूळ तक्रार. ३६ गुणांचा मेळ पाहणाऱ्या आम्हांस बेरजेचे नवल नाही. पण ती ज्योतिषीबुवा करतात, येथे ज्याचे लग्न त्यानेच करावयाची.

चार्ल्स डार्विनने १८३८ साली लग्नासाठीच असे रकाने मांडले. वेळेचा अपव्यय आणि पुस्तकांस कमी पैसा एकीकडे; मुले आणि म्हातारपणची सोबत दुसरीकडे. तो कागद वाचताना आम्हांस वाटते की मन आधीच वळले होते, रकाने मागून आले. २९ जानेवारी १८३९ रोजी एमा वेजवुडशी त्याचा विवाह झाला.

प्रीस्टलीने बोलावणे स्वीकारले. १७७४ च्या ऑगस्टात शेलबर्नच्या बोवुड येथील वाड्यात पाऱ्याच्या तांबड्या भस्मातून त्याने जो वायू काढला, त्यास पुढे ऑक्सिजन हे नाव मिळाले. हे १७७२ साली कोणत्या रकान्यात लिहिता आले असते? १७८० मध्ये शेलबर्नची नोकरी सुटली. कराराप्रमाणे १५० पौंडांचे वर्षासन तेवढे चालू राहिले.