लाकूड वायू

लाकूड वायू हा लाकूड किंवा लाकडाचे टाकाऊ अवशेष मर्यादित हवेत तापवून मिळणारा ज्वलनशील वायू आहे. लाकूड कापण्याच्या गिरण्या, वखारी आणि फर्निचरचे कारखाने यांतून निघणारा भुसा, ढलप्या, साली व तुकडे यांचा त्यासाठी कच्चा माल म्हणून वापर होतो. या प्रक्रियेस वायुकरण, तर ज्या संयंत्रात ती घडते त्यास गॅसिफायर म्हणतात.

प्रक्रिया

पूर्ण ज्वलनास लागणाऱ्या हवेच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश हवाच संयंत्रात सोडली जाते. इंधन प्रथम वाळते. पुढे सुमारे २०० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याचे विघटन होऊन बाष्पे, डांबर व कोळसा तयार होतो. काही भाग जळून तापमान १,००० अंशांच्या वर जाते. शेवटी तप्त कोळशाशी कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेची अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतात.

हवा वापरल्यास या वायूत निम्म्याच्या आसपास नायट्रोजन असतो. त्यामुळे त्याचे उष्मांकमूल्य दर घनमीटरला सुमारे ४ ते ६ मेगाजूल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या तुलनेत बरेच कमी असते. म्हणून तो साठवण्यापेक्षा जागीच वापरणे सोयीचे ठरते.

इतिहास

फ्रान्सचे फिलिप लबाँ यांनी १७९९ मध्ये लाकडापासून मिळणाऱ्या वायूच्या वापराचे एकस्व घेतले. १९२० च्या दशकात जॉर्ज इम्बर यांनी वाहनांसाठी उपयुक्त गॅसिफायर विकसित केला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाल्यावर युरोपात लाकूड वायूवर वाहने धावली. भारतातही कोळशाच्या वायूवर मोटारी व बस चालवल्या गेल्या.

महाराष्ट्रात फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट व चिपाड यांवर चालणारा, औद्योगिक उष्णतेसाठीचा गॅसिफायर विकसित केला. सुटे, हलके अवशेष वापरण्याची त्यातील अडचण भुशाच्या अडचणीसारखीच आहे.

कबनूर परिसरातील संदर्भ

कबनूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील, इचलकरंजीलगतचे गाव आहे. या वस्त्रोद्योग पट्ट्यात सुताला खळ लावणे, ते वाळवणे आणि कापड रंगवणे यांसाठी वाफ लागते. केवळ वाफ हवी असल्यास भुशाच्या कांड्या बाष्पकात थेट जाळणे अधिक सोपे असते. नियंत्रित ज्योत किंवा इंजिन चालवायचे असेल तेव्हा वायुकरण अधिक उपयोगी ठरते. डिझेल इंजिनात हा वायू मिसळल्यास डिझेलचा मोठा भाग वाचतो. मात्र इंजिन सुरू करण्यास व वायू पेटवण्यास थोडे डिझेल लागतेच.

मर्यादा व सुरक्षितता

बारीक भुसा थेट टाकल्यास हवेचा मार्ग बंद होतो. म्हणून त्याच्या कांड्या करतात किंवा वेगळ्या रचनेचे संयंत्र वापरतात. इंधनातील ओलावा साधारण २० टक्क्यांहून कमी असावा लागतो. डांबर नीट न काढल्यास इंजिनाच्या झडपा चिकटतात, आणि वायू धुतलेले पाणी शुद्ध न करता सोडल्यास जलप्रदूषण होते.

सर्वांत गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. हा वायू रंगहीन, गंधहीन व विषारी असून बंद खोलीतील गळती जीवघेणी ठरू शकते. त्यामुळे संयंत्र मोकळ्या, हवेशीर जागी ठेवणे व वायुशोधक बसवणे आवश्यक असते.