पूर मोजणारा मास्तर

मंडळी, घरात कुणी सिव्हिल इंजिनियर असेल तर त्याला 'गंबेल' म्हणजे काय ते विचारून बघा. "पूर काढायची पद्धत, परीक्षेला हमखास यायची," असं उत्तर बहुधा मिळेल. पण गंबेल हा हाडामांसाचा माणूस होता आणि त्याची गोष्ट त्या सूत्राहून मोठी आहे.

एमिल गंबेल १८९१ साली म्युनिकमध्ये एका ज्यू घरात जन्मला. हायडेलबर्ग विद्यापीठात तो संख्याशास्त्र शिकवायचा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचं सत्र चालू होतं. या गड्याने ते चक्क मोजले! १९२२ च्या त्याच्या पुस्तकातला हिशोब असा: उजव्यांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना शिक्षाच नाही. भाषणबाजी नाही, नुसती मोजदाद. पण तीच झोंबली. नाझी विद्यार्थ्यांनी त्याच्याविरुद्ध रान उठवलं, आणि १९३२ मध्ये विद्यापीठाने त्याचा शिकवण्याचा हक्क काढून घेतला. १९३३ मध्ये तर नागरिकत्वही गेलं.

मग फ्रान्स. १९४० मध्ये नाझी तिथेही पोचले, तेव्हा अमेरिका. परक्या देशात, परक्या भाषेत पुन्हा शिकवणं सुरू. आणि हातात घेतला विषय कुठला, तर नद्यांचे पूर.

त्याची युक्ती सोपी होती. नदीचा रोजचा प्रवाह बघायचा नाही. दरवर्षीचा फक्त सगळ्यात मोठा पूर घ्यायचा. अशा कमाल आकड्यांचे स्वतःचे नियम असतात. त्यावरून, कधी न पाहिलेला पूर किती वर्षांनी येऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. १९५८ मध्ये या विषयावरचा त्याचा ग्रंथ आला. पूल किती उंच बांधायचा, धरणाचा सांडवा केवढा ठेवायचा, हे ठरवताना आजही हे गणित वापरतात.

आता आपल्या घरचं बघू. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हटलं की आपल्याला वाटतं, चला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही. तसं नसतं हो! त्याचा अर्थ एवढाच, की दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. ३० वर्षं एकाच घरात राहिलात, तर त्या काळात तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. नदीला आपलं कॅलेंडर ठाऊक नसतं. शिवाय हे गणित जुन्या नोंदींवर उभं आहे. हवामानच बदललं तर कालचा १ टक्का उद्या १ टक्काच राहील असं नाही.

गंबेल १९६६ मध्ये न्यूयॉर्कला वारला. खून असोत की पूर, त्याने एकच केलं: लोक "अपवाद" म्हणून सोडून देतात ते नीट मोजलं. पुराचे आकडे मांडले म्हणून सूत्राला नाव मिळालं, खुनांचे मांडले म्हणून देश गेला. मोजणं तेच, फक्त ऐकणारे वेगळे.

असो. तुमच्या गावच्या पुलावर किंवा घाटावर पुराची जुनी खूण असेल तर जरूर कळवा.