नित्याचे मुख : व्हेनिसच्या सुवर्णवेदीवरील चित्रफलक

चिंचवडच्या मंगलमूर्तीची पालखी भाद्रपदात व माघात मोरगावास जाते. वाड्यातील नित्याची पूजा आणि ही यात्रा यांतील भेद आपल्या परंपरेने नित्य आणि नैमित्तिक या दोन शब्दांत नेमका बांधून ठेवला आहे. मध्ययुगीन इटलीतील एका प्रसिद्ध वेदीचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो. कारण त्या वेदीला दोन मुखे होती, आणि अभ्यासकांचे लक्ष बहुधा एकाच मुखाकडे गेले आहे.

व्हेनिस येथील सान मार्को मंदिराच्या मुख्य वेदीवर 'पाला द'ओरो' हा रत्नजडित सुवर्णफलक आहे. त्यावरील लॅटिन लेखात 1105, 1209 व 1345 अशी तीन वर्षे नोंदलेली आहेत. ऑर्देलाफो फालिएर या नगरप्रमुखाने (तेथील भाषेत 'दोजे') तो घडविला, पिएत्रो झियानी याच्या काळी त्याचे नूतनीकरण झाले, आणि आंद्रेआ दांदोलो याच्या कारकिर्दीत त्याला आजचे रूप आले. वरच्या ओळीतील मिनाकामाचे मोठे तुकडे 1204 साली कॉन्स्टँटिनोपल लुटले गेले त्या लुटीतून आले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. लेखात मात्र त्या लुटीचा उल्लेख नाही.

हा फलक सणावारी उघडला जाई. इतर दिवशी त्यावर लाकडी चित्रफलकांचे आवरण असे. त्याचे नाव 'पाला फेरिआले', म्हणजे साध्या दिवसांचा फलक. पाओलो व्हेनेत्सिआनो याने लूका व जोव्हान्नी या पुत्रांसह तो रंगविला, आणि 22 एप्रिल 1345 ही तिथी त्यावर घातली. वरच्या पट्टीत सात अर्धाकृती आहेत. मध्यभागी वेदनामूर्ती ख्रिस्त, त्याच्या दोहो बाजूंस मरियम व योहान, आणि पुढे मार्क, पीटर, निकोलस प्रभृती संत. खालच्या पट्टीत संत मार्कच्या चरित्रातील सात प्रसंग आहेत : पीटरकडून धर्माधिकाराची दीक्षा, आनिआनुस या चर्मकाराची जखम बरी करणे, कारागृहात ख्रिस्ताचे दर्शन, हौतात्म्य, अवशेष आणणाऱ्या नौकेचे वादळातून रक्षण, अवशेषांचा पुनर्लाभ आणि समाधीपाशी आलेले आर्त भाविक.

या मालिकेत काय आहे यापेक्षा काय नाही, हे अधिक विचारार्ह आहे. परंपरेनुसार व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी 828 साली आलेक्सांद्रिया येथून मार्कचा देह गुप्तपणे पळविला. तो प्रसंग येथे नाही. चौथ्या चित्रात हौतात्म्य आहे आणि पाचव्यात नौका थेट समुद्रात आहे. व्हेनिसला या कृत्याची लाज वाटत होती असे म्हणावे, तर त्याच मंदिरातील कुट्टिमचित्रांत ते हरण उघडपणे दाखविलेले आहे. तेव्हा हे लपविणे नव्हे, निवड आहे. कुट्टिमचित्रे नागरिकांचे साहस सांगतात. वेदीवरील फलक संताची इच्छा सांगतो. वादळात नौका तारणारा, हरवलेला देह पुन्हा प्रकट करणारा, रुग्णांना जवळ करणारा संत स्वतःच या नगरीत राहू इच्छितो, असा त्याचा युक्तिवाद आहे.

हा अर्थ दांदोलोच्या इतर उद्योगांशी जुळतो. तो स्वतः इतिहासकार होता आणि त्याने व्हेनिसचा विस्तृत वृत्तांत लिहिला. त्याच्याच काळात सुवर्णाचे मखर व काष्ठाचे आवरण ही दोन्ही पूर्ण झाली, म्हणून ती एकत्र वाचली पाहिजेत. सुवर्णफलक नगरीने काय मिळविले ते दाखवितो. चित्रफलक ते तिच्याकडे राहण्यास संताची संमती कशी आहे ते सांगतो. वर्षातील बहुसंख्य दिवस उपासकांच्या दृष्टीस पडे ते दुसरेच.

आज हे दोन फलक वेगळे झाले आहेत. पाओलोचा फलक सान मार्कोच्या संग्रहालयात आहे, आणि सुवर्णफलक प्रवाशांना साध्या दिवशीही पाहता येतो. नैमित्तिक ते नित्य झाले, आणि जे नित्य होते ते संग्रहातील एक वस्तू बनले. सोन्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, तथापि त्या समाजाने रोज स्वतःला काय सांगितले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर अभ्यासकाने प्रथम आवरणापाशी थांबले पाहिजे.