उपकेंद्र ते आरोग्य केंद्र : यवतमाळ जिल्ह्यातील निरोपाची वाट

भोर समितीने 1946 साली प्राथमिक आरोग्य केंद्राची, म्हणजे उपचार आणि रोगप्रतिबंध एकाच छताखाली आणणाऱ्या ग्रामीण संस्थेची, कल्पना मांडली तेव्हा यवतमाळ हा मध्य प्रांत व वऱ्हाडातील एक जिल्हा होता. पुढे, 1960 साली नेमलेल्या आणि याच जिल्ह्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक अध्यक्ष असलेल्या समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे आली. परिचारिका जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली, मात्र कुटुंबनियोजन, हिवताप, क्षयरोग हे कार्यक्रम राज्य व केंद्र सरकारकडून येत राहिल्याने प्रत्येकाचा अहवाल तिला निराळ्या नमुन्यात भरावा लागे.

देवीची लस टोचणारे, हिवतापाचे आणि कुटुंबनियोजनाचे कर्मचारी वेगवेगळे असण्याची ही पद्धत मोडून बहुउद्देशीय कर्मचारी नेमावेत, असे कर्तारसिंग समितीने 1973 मध्ये सुचवले. त्यातून उपकेंद्रावर आरोग्य सेविका व आरोग्य सेवक आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी आरोग्य सहाय्यिका व सहाय्यक अशी रचना रुजली. सर्वसाधारण भागात 5000 आणि आदिवासी व डोंगराळ भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष पुढे ठरला.

या रचनेत माहितीची मुख्य वाहक ठरली ती नोंदवही. पात्र जोडपी, गरोदर माता, बालकांचे लसीकरण यांचे रकाने महिनाभर भरले जात, त्यांची बेरीज मासिक सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे ठेवली जाई आणि तेथून ती तालुक्याला व जिल्ह्याला जाई. एखाद्या गरोदर मातेची तपासणी चुकली, हे रकान्यात उमटे; ती कापूस वेचणीला गेली होती की नाल्याला पूर होता, हे मात्र उमटत नसे, आणि केंद्राला खरी गरज त्याच माहितीची होती. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या स्वतंत्र वस्त्यांवर, ही उणीव अधिक गंभीर होती, कारण कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा न जाणणाऱ्या सेविकेला पोडातील एखाद्या मराठी बोलणाऱ्या बाईवरच विसंबावे लागे. म्हणूनच आरोग्य सहाय्यिकेची उपकेंद्रभेट ही केवळ तपासणी नव्हती. सेविकेची अडचण तोंडी ऐकून ती केंद्रापर्यंत नेणारी सहाय्यिका ही जवळजवळ एकमेव व्यक्ती होती, आणि हे पद जेथे रिक्त राहिले तेथे संवादाचा हा धागाच तुटला.

2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने वस्तीतलीच आशा कार्यकर्ती या साखळीत आणली. पूर्वी आपले म्हणणे केंद्राने ऐकावे म्हणून सभेची वाट पाहणारी सेविका आता स्वतःच आशांचे म्हणणे ऐकून घेण्याच्या जागी आली.