दोष सिगारेटचा की ओढणारीचा?

गरोदरपणी धूम्रपान केल्यास बाळाचे वजन कमी भरते, ही गोष्ट आज आपण सहज मान्य करतो. परंतु ती निर्विवादपणे सिद्ध व्हायला जवळजवळ तीन दशके लागली. त्या वादाचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे, यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो.

१९५७ साली कॅलिफोर्नियात सिम्पसन यांनी सुमारे साडेसात हजार बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. याचे कारणही सुचण्यासारखे होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने जोडला जातो, तर निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. साहजिकच वारेतून गर्भाला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो.

बर्कली येथील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांना मात्र हे पटले नाही. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांची प्रकृती, राहणी आणि स्वभाव मुळातच वेगळा असेल, तर दोष सिगारेटला का द्यावा, असा त्यांचा प्रश्न होता. १९७१ साली त्यांनी एक कोडेच पुढे ठेवले. केवळ कमी वजनाची बाळे पाहिली, तर सिगारेट ओढणाऱ्या मातांची बाळे इतर मातांच्या बाळांपेक्षा कमी प्रमाणात दगावत होती! मग सिगारेट घातक कशी?

या कोड्याची उकल शाळेतल्या शर्यतीवरून करता येईल. मागे पडलेल्या मुलांपैकी काहींच्या बुटात खडा गेला आहे, तर काहींच्या अंगात ताप आहे. खडा गेलेली मुले ताप आलेल्यांपेक्षा ठणठणीतच असणार. म्हणून बुटात खडा असणे चांगले, असे कोणी म्हणेल का? सिगारेट न ओढणाऱ्या मातेचे बाळ फार लहान असेल, तर त्यामागे जन्मजात दोषासारखे अधिक गंभीर कारण असण्याचा संभव जास्त असतो. तुलना फक्त लहान बाळांची केली, तिथेच गफलत झाली. सर्व बाळे मोजली की सिगारेटचे नुकसान दिसतेच.

ते ब्रिटनमध्ये दिसले. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात तेथे झालेल्या सुमारे सतरा हजार जन्मांची नोंद ठेवण्यात आली होती. तिच्या आधारे नेव्हिल बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवले, की चौथ्या महिन्यानंतरही सिगारेट ओढणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १७० ग्रॅमने कमी होते आणि मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त होते. चौथ्या महिन्याअखेर सिगारेट सोडलेल्या स्त्रियांना मात्र न ओढणाऱ्यांइतकाच धोका होता.

तरीही शंका उरतेच. आपणहून सिगारेट सोडणाऱ्या स्त्रियाच मुळात वेगळ्या असतील तर? तिचे उत्तर १९८४ साली अमेरिकेतील मेरीलँडमध्ये सेक्स्टन व हेबेल यांनी प्रयोगाने दिले. सिगारेट ओढणाऱ्या ९३५ गरोदर स्त्रियांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला भेटून, पत्रे पाठवून आणि दूरध्वनी करून सिगारेट सोडायला मदत केली. त्या गटातील सर्वांना ती सुटली नाही. तरी त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ९२ ग्रॅमने जास्त भरले. दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच होत्या. तेव्हा दोष सिगारेटचाच होता.

'आमच्याकडे बायका कुठे सिगारेट ओढतात?' असे कोणी म्हणेल. पण मशेरीचे काय? मुंबईत १,२१७ स्त्रियांची पाहणी करून गुप्ता व श्रीविद्या यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडला, की गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते. येथे धूर नाही, तरीही निकोटिन आहेच.

घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीवर धोक्याची सूचना छापलेली नसते. ती सूचना विद्यार्थ्यांमार्फतच घरी पोचू शकते. मात्र ती दोष देणारी नसावी. मेरीलँडच्या स्त्रियांना धाक नव्हे, तर पुन्हापुन्हा विचारपूस करणारे माणूस उपयोगी पडले. शिवाय सोडायला उशीर झाला, असे मानण्याचेही कारण नाही. जितक्या लवकर सुटेल तितका बाळाचा लाभ अधिक.